चाळिशी, मॅन्युअल फोकस आणि सॉफ्ट येणारे फोटो: आता ऑटोफोकस घ्यावा का?

रिळवाला

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज विचारूनच टाकतो.

वय ५९. गेली तीसेक वर्षं एकच मॅन्युअल फोकस एसएलआर (आरशावाला कॅमेरा), त्यावर ५० एमएम एफ १.८ लेन्स, कधीमधी १०५ ची. अजून फिल्मच वापरतो, निगेटिव्ह घरीच स्कॅन करतो. फोकस हा कधी विचार करायचा विषयच नव्हता, हात आपोआप रिंग फिरवायचा. पण गेल्या दीड-दोन वर्षांत रोलमागे दहाबारा फ्रेम सॉफ्ट यायला लागल्यात. पार गंडलेल्या म्हणाव्यात तशा नाहीत, पण नातीचा जवळून फोटो काढला की कानातलं डूल एकदम लख्ख आणि डोळ्यांवर हलकं पीठ मारल्यासारखं. आणि खटका दाबताना व्ह्यूफाइंडरमधे मला ते चांगलं दिसलेलं असतं, हे जास्त लागतं.

चष्मा प्रोग्रेसिव्ह. लांबचा नंबर जवळजवळ नाहीच, जवळचा +२.२५. चष्मा लावून बघितलं तर फ्रेमचे कोपरे दिसत नाहीत, काढून बघितलं तर धूसर. मग म्हटलं व्ह्यूफाइंडर तर डोळ्याला चिकटलेला असतो म्हणजे जवळचंच काम, म्हणून नुसता वाचायचा चष्मा लावून बघितला, तर अजूनच धूसर! हे काय गौडबंगाल आहे?

मुलगा म्हणतो बाबा सरळ मिररलेस (बिनआरशाचा डिजिटल) घ्या, तो माणसाचा डोळा शोधून आपला आपण फोकस करतो. खरं असेल. पण मला ती रिंग फिरवायला आवडतं हो. ज्यांना पन्नाशीनंतर हा त्रास झाला त्यांनी काय केलं? सोडून दिलं का मॅन्युअल?

भिंगरी

काका, तुमच्या गौडबंगालातच निम्मं उत्तर आहे.

व्ह्यूफाइंडर डोळ्याला चिकटलेला असला तरी आतलं चित्र डोळ्याला चिकटलेलं नसतं. आतली फोकसिंग स्क्रीन असते काही सेंटिमीटरवर, पण मधे आयपीसचं (डोळा लावायच्या भोकाचं) भिंग असतं आणि ते ती प्रतिमा लांब ढकलतं. बऱ्याचशा एसएलआरमधे ती साधारण १ मीटरवर असल्यासारखी दिसते. आता तुमचे चष्मे बघा. लांबचा भाग सहा मीटर आणि त्यापुढच्यासाठी, वाचायचा भाग चाळीसेक सेंटिमीटरसाठी, आणि व्ह्यूफाइंडर बसलाय बरोब्बर मधल्या खड्ड्यात. म्हणून दोन्हीनं धूसर. तिशीत तुमच्या डोळ्यातलं भिंग लवचिक होतं, ते न सांगता तेवढं जुळवून घ्यायचं आणि तुम्हाला पत्ताही लागायचा नाही. आता ते कडक झालंय, बस इतकंच, त्यालाच चाळिशी म्हणतात.

म्हणजे तुम्हाला व्ह्यूफाइंडरसाठी साधारण +१ ची मदत लागणार. जुन्या कॅमेऱ्यांना आयपीसवर स्क्रूनं किंवा खाचेत बसणारी नंबरची काच मिळते. पण घेताना जपून, काही कंपन्या त्या काचेवर व्ह्यूफाइंडरसकट येणारा एकूण नंबर छापतात, नुसत्या काचेचा नाही, त्यामुळे छापील आकड्यावर जाऊ नका. सोपा उपाय म्हणजे कॅमेरा घेऊनच चष्मेवाल्याकडे जा, त्याच्याकडच्या तपासायच्या सुट्या काचा आयपीससमोर धरून बघा, +०.५, +१, +१.५.

आणि बघताना समोरच्या वस्तूकडे बघायचं नाही!! सगळे इथेच चुकतात. लेन्स मुद्दाम आउट ऑफ फोकस करून उजळ भिंतीकडे रोखा आणि स्क्रीनच्या मधलं जे गोल वर्तुळ असतं त्याची कड बघा. ती पहिल्या दोन सेकंदात काळी कुळकुळीत दिसली तर ती काच तुमची. टक लावून बसलात तर डोळा ओढूनताणून जुळवून घेतो आणि तुम्ही फसता. डायॉप्टरचं (नंबर जुळवायचं) चाक असलेले कॅमेरे पण असेच लावायचे, फक्त तिथे वर्तुळाऐवजी आतले आकडे बघायचे.

एक राहिलंच. तुमच्या नंबरात सिलिंड्रिकल (ठराविक अक्षाचा नंबर) किती आहे? ते या गोल काचांनी जात नाही. पाव-अर्धा असेल तर सोडून द्या, एकच्या पुढे असेल तर चष्मा लावूनच बघावं लागेल नाहीतर काच मुद्दाम करून घ्यावी लागेल, आणि तीही कॅमेरा उभा धरला की अक्ष फिरल्यामुळे बिनकामाची.

अर्धा_स्टॉप

भिंगरीताईंचं सगळं बरोबर, पण डोळ्यावर खापर फोडायच्या आधी कॅमेरा तपासा की. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण तीस वर्षांच्या कॅमेऱ्यात कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. आरशाखालचा फोम चिकट होऊन विरघळतो, आरसा पूर्ण जागेवर बसत नाही, कोणीतरी साफ करताना स्क्रीन काढून नीट परत बसवलेली नसते. मग व्ह्यूफाइंडरमधे शार्प आणि फिल्मवर दुसरंच.

कॅमेऱ्याच्या वरच्या पट्टीवर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते बघा, फिल्म आत नेमकी कुठे आहे ते ती दाखवते. ट्रायपॉड लावा, त्या खुणेपासून टेपनं मोजून १.५ मीटरवर छापील कागद उभा करा, लेन्स पूर्ण उघडी. तीन फ्रेम डोळ्यानं फोकस करून काढा, प्रत्येक वेळी रिंग फिरवून घालवून परत आणायची. तीन फ्रेम डोळा न लावता लेन्सवरच्या आकड्यावर १.५ ला रिंग ठेवून काढा. आकड्यावरच्या शार्प आणि डोळ्याच्या सॉफ्ट आल्या तर दोन शक्यता, डोळा नाहीतर आरसा. मग त्याच सहा फ्रेम चांगली नजर असलेल्या तरुण पोराकडून काढून घ्या. त्याच्याही चुकल्या तर आरसा. नाही चुकल्या तर...... काय ते समजा :)

बाकी ते डुलाचं गणित सांगतो. ५० एमएम, एफ १.८, १.५ मीटर म्हणजे शार्प पट्टा सगळा मिळून दहा सेंटिमीटरच्या आतबाहेर, एक मीटरवर गेलात तर जेमतेम चार. कान ते डोळा अंतर त्याहून जास्त. तुम्ही फार काही चुकत नाही आहात, रिंगवर केसभर.

मीपण७

लेन्सचं तोंड बारीक करून एफ ८ लावा आणि विषय संपवा.

अर्धा_स्टॉप

घरात, संध्याकाळी, ४०० च्या रोलवर एफ ८ लावून दाखवा, नात हलायची थांबली तर मला पण सांगा.

उजेडवेडी

मी ६४. सोडला मॅन्युअल, सहा वर्षं झाली, पस्तावा शून्य. पण कारण सगळे समजतात ते नाही.

मी आधी आरशावाल्या डिजिटलवर ऑटोफोकस घेतला होता. फोटो शार्प यायचे, मान्य. पण मला स्वतःला व्ह्यूफाइंडरमधे तेवढंच धूसर दिसायचं, म्हणजे कॅमेऱ्यानं बरोबर केलं का चूक ते कळायचंच नाही, मग मागचा स्क्रीन बघायला कॅमेरा खाली घ्यायचा, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा, बघायचं, चष्मा वर, कॅमेरा वर, तोपर्यंत समोरचं माणूस निघून गेलेलं. आणि ते मेनू!! मुंगीच्या अक्षरात तीस पानं. फोकसची कटकट गेली आणि वाचायची आली. ऑटोफोकसच्या जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

मिररलेसमधे खरा फायदा झाला तो इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचा. डायॉप्टरचं चाक एकदा माझ्या डोळ्याला लावलं की फोटो काढणं, काढलेला फोटो तपासणं, मेनू वाचणं, सगळं त्याच एका भोकातून, बिनचष्म्याचं. पुरुषभर अंतरावरचं घड्याळ वाचता येत नाही मला, पण त्या भोकात आयएसओचा आकडा येतो. म्हणून माझं म्हणणं, आपल्या वयाला प्रश्न मॅन्युअल की ऑटो हा नाहीच, डोळा लावल्यावर स्क्रीन स्वच्छ दिसतो का हा आहे. दुकानात गेलात तर किती मेगापिक्सेल ते मागाहून विचारा, आधी चाक फिरवून बघा, दोन्ही टोकांच्या आत तुमचा नंबर बसतो का.

ऑटोफोकसला पण शिकवावं लागतं बरं का. सगळा कारभार त्याच्यावर सोडलात तर जवळात जवळचं काय ते पकडून बसतो, फुलदाणी, हात, खुर्चीची पाठ. चष्मा घातलेल्या माणसाचा डोळा शोधताना फ्रेमवर फोकस करतो कधीकधी. मी एकच पॉइंट ठेवते आणि फोकसचं बटण अंगठ्याखाली घेतलंय, खटका फक्त फोटोसाठी. सवयीला पंधरा दिवस लागले.

१९८५ ला मिनोल्टा ७००० आला, बॉडीतच मोटर, तेव्हा आमच्या ग्रुपमधे सगळे हसले होते, आळशांचा कॅमेरा म्हणून. हसणारे आता कोणते कॅमेरे वापरतात ते सांगत नाही.

दोन_प्रतिमा

उजेडवेडीताईंचा आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो.

रिळवाले, तुमच्या स्क्रीनमधे मधोमध तुटलेल्या रेघेची चकती आहे का? स्प्लिट इमेज? असेल तर तुम्ही ती वापरत नसणार, पैज. तीस वर्षं वापरणारे लोक बाजूच्या मॅट (दुधी) काचेवरच फोकस करतात, सवयीनं. मॅटवर 'हे जास्त शार्प की ते' असा निवाडा करायचा असतो आणि म्हाताऱ्या डोळ्याचं तिथेच जमत नाही. पण एक रेघ मधे तुटून सरकली आहे का, हे ओळखण्यात माणसाचा डोळा भलताच तरबेज असतो, अक्षरं वाचण्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी बारीक फरक त्याला कळतो. वर्नियर कॅलिपरवरची रेघ जुळवतो ना आपण, तेच. ही शक्ती वय झालं तरी बऱ्यापैकी टिकते. माझा तरी अनुभव तोच. डोळ्याच्या कडेपेक्षा चष्म्याची काडी, दाराची चौकट, शर्टाची पट्टी अशी उभी रेघ शोधायची, ती जुळवायची, मग फ्रेम लावायची. आडव्या रेघेवर चालत नाही, मग कॅमेराच तिरका करायचा.

यातली मेख म्हणजे अंधाऱ्या लेन्सवर त्या चकतीचा अर्धा भाग काळा पडतो. एफ १.८ वर मजेत, एफ ५.६ च्या झूमवर संपलं. तसंही व्ह्यूफाइंडरमधे एफ ३.५ पेक्षा एफ १.८ ला जवळजवळ चौपट उजेड असतो, तेव्हा वय झाल्यावर झूम विका आणि उघड्या तोंडाच्या लेन्स ठेवा.

मी स्वतः रेंजफाइंडरवाला. लायका एम३, १९५४ चं डिझाइन, त्याचा फाइंडर ०.९१ पटीचा म्हणजे जवळजवळ डोळ्याला दिसतं तेवढंच मोठं, त्यात दोन प्रतिमा एकमेकांवर आणायच्या. पुढचे बरेचसे ०.७२ चे, त्यात फोकसचा ठिपका तेवढा लहान. मला साठीनंतर ०.७२ जड जायला लागला, एम३ परत काढला. उलट्या उजेडात तो मधला चौकोन फिका पडतो हे मात्र खरं, आणि तिथे मी काही लपवत नाही, कधीकधी नुसता अंदाज.

त्या अंदाजावरून आठवलं, वर एफ ८ वाल्यांची टिंगल झाली पण बाहेर उजेडात ते बरोबर आहेत. ३५ एमएम, एफ ८, रिंग साधारण ५ मीटरवर, की अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्यासारखं. डोळा फक्त फ्रेमसाठी. आयुष्यातले माझे बरे फोटो असेच निघालेत, फोकस न करता.

मीपण७

धन्यवाद, कोणीतरी बोललं.

जुनी_काच

मधला रस्ता सांगते. जुन्या लेन्स विकू नका, मिररलेस बॉडीवर अडॅप्टर लावून त्याच वापरा. निकॉनच्या जुन्या एफ माउंटला लेन्स ते फिल्म अंतर ४६.५ मिमी, मिररलेसमधे सोनीच्या ई माउंटला १८, निकॉनच्या झेडला १६, मधल्या जागेत नुसती पोकळ नळी बसते, काच लागत नाही. रिंग तुमचीच, वजन तुमचंच, आणि बटण दाबलं की मधला तुकडा पाचदहा पट मोठा. एकेक पापणी दिसते हो.

रंगीत कडा दाखवणारं ते फोकस पीकिंग मात्र जपून. मी पहिले सहा महिने त्याच्यावर भाळून होते, लाल कड आली की खटका, आणि घरी येऊन बघावं तर निम्मे सॉफ्ट. ते फक्त कॉन्ट्रास्ट बघतं, पापण्या, केस, स्वेटरची वीण सगळंच लाल करतं, आणि एफ १.८ च्या पट्ट्यापेक्षा त्याचा लाल पट्टा जाड असतो. अंदाजाला पीकिंग आणि शेवटचा निकाल मोठं करून, हाच क्रम. हलणाऱ्या मुलांना हे जमत नाही तेवढा वेळ, ते खरं, तिथे ऑटोफोकसच.

आणि अडॅप्टरवर अनंताच्या टोकाला रिंग ठोकून डोंगराचा फोटो काढू नका, बहुतेक अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड असतात, टोक अनंताच्या पुढे जातं. मी काढलाय अख्खा एक दिवस.

आता वेगळं आणि थोडं गंभीर. आमच्या घरी 'हे'सुद्धा फोटो काढतात, त्यांच्या स्क्रीनवर उभ्या-आडव्या रेघांची जाळी आहे. एकदा म्हणाले ही जाळी मधे फुगलीये, स्क्रीन खराब झाली बहुतेक. मी बघितलं तर सरळ. त्यांनी दुसऱ्या डोळ्यानं बघितलं तर सरळ! उजव्यानं वाकडी. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, दृष्टिपटलाच्या मधल्या भागात पाणी झिरपत होतं, इंजेक्शनं सुरू झाली, वेळेत गेलो म्हणून बरंच वाचलं. डॉक्टर घरी तपासायला कागदावर जाळीच देतात. तेव्हा रिळवाले, एक डोळा झाकून दुसऱ्यानं, मग उलट, असं एकदा बघाच. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून घेतो.

रिळवाला

तीन आठवड्यांनी येतोय, रोल संपवून, धुवून, स्कॅन करून, म्हणून उशीर. सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी अर्धा_स्टॉप यांची परीक्षा. टेपनं मोजलेल्या तीन फ्रेम, एकेक अक्षर वाचता येतंय. माझ्या डोळ्याच्या तीन, तिन्ही सॉफ्ट, तिन्ही वेगवेगळ्या. मुलाला बसवलं, त्याच्या तिन्ही शार्प. आयुष्यात पहिल्यांदा मॅन्युअल फोकस करत होता तो. म्हणजे अंगण सरळच निघालं.

मग चष्मेवाल्याकडे कॅमेरा घेऊन गेलो, तो आधी हसला आणि मग त्यालाच मजा वाटायला लागली. +१ ची काच धरल्यावर ते वर्तुळ जे काळं दिसलं, इतक्या वर्षांत मी विसरूनच गेलो होतो की त्याला एवढी बारीक कड आहे. पण धरल्यावर थोडं धुकं राहतच होतं. जुनी_काच ताईंचं आठवलं, तिथेच एक डोळा झाकून दुसऱ्यानं बघितलं. डाव्यानं लख्ख. उजव्यानं जाळी वगैरे सरळच, पण सगळ्यावर चहाच्या रंगाचा पातळ पडदा. आणि मी तीस वर्षं उजव्याच डोळ्यानं फोटो काढतोय!

डॉक्टर म्हणाले उजव्यात मोतीबिंदू धरतोय, अजून ऑपरेशनची घाई नाही, वर्षभरानं बघू. उजव्यासाठी महागाची काच आत्ता करू नका म्हणाले, ऑपरेशननंतर नंबर बदलणार. आणि विचारलं की आत जी काच बसवायची ती लांबच्यासाठी हवी का जवळच्यासाठी, साधी घेतली तर ती एकाच अंतराला धरून राहते, तेव्हा व्ह्यूफाइंडरचं आत्तापासून सांगून ठेवलंय त्यांना.

सध्या डावा डोळा, +१ ची साधी काच, आणि मॅट सोडून तुटक्या रेघेवर फोकस (दोन_प्रतिमा, पैज जिंकलात, चकती होती आणि मी बघतच नव्हतो). या रोलमधे ३६ पैकी पाच सॉफ्ट, त्यातल्या तीन नातीच्या. ती आता पळते. त्यामुळे मुलाचा मिररलेस तिच्यापुरता रविवारी मागून घेतो, त्यावर माझी १०५ लावून बघायची आहे, अडॅप्टर मागवलाय.

फक्त एकच झालंय. माझ्या कॅमेऱ्यात रोल ओढायचा लिव्हर थोडा बाहेर काढून ठेवल्याशिवाय मीटर चालू होत नाही, आणि डावा डोळा लावला की तो बरोब्बर उजव्या भुवईच्या वर रुततो. वळ उठलाय. यावर काही आहे का कोणाकडे?

भिंगरी

डावखुऱ्या डोळ्याचे सगळे हेच भोगतात काका. उजेड एकदा मोजा, लिव्हर आत ढकला, आणि उजेड बदलेपर्यंत मीटर विसरा. मीटर बंद म्हणजे खटका पण बंद अशी बॉडी असेल तर मात्र शेवटच्या क्षणी लिव्हर परत काढावा लागेल. नाहीतर तुमच्या बॉडीला मोटर ड्राइव्ह बसत असेल तर जुना एखादा शोधा, मग लिव्हरला हातच लावावा लागत नाही.

रिळवाला

बसतो. एका मित्राकडे पडून आहे, सेल काढून ठेवलेत का विचारतो आधी, आणि मग वजन करून बघतो.